दार लावायचा सण

नवरात्र बसलं की माझे गुडघे धरतात आणि मला रिबकाबाई आठवतात. गुडघ्यांना निदान औषध आहे. आश्विनातली हवाच तशी असते. सकाळी नदीवरून गार झुळूक येते, दहा वाजले की ऊन पाठीला चावायला लागतं आणि संध्याकाळी जिकडेतिकडे झेंडूचा कडवट वास. आता तो वास शेतातून येत नाही, चिंचवडच्या पुलाखाली टेम्पो लावून फुलांचे ढीग ओततात तिथून येतो. शेजारी बायका आपट्याची म्हणून कांचनाची पानं विकत बसतात. परवा एकीला म्हटलं, "अगं, हा आपटा नव्हे." ती म्हणाली, "आजी, सोनं मानून घ्यायचं असतंय, घ्या." तिचंही बरोबरच होतं. मी घेतली.

मी मुलाच्या घरी सातव्या मजल्यावर राहते, त्या मजल्यावर चार दारं आहेत. समोरच्या दारात गेल्या हिवाळ्यात एक जोडपं राहायला आलं, कडेवर लहान मुलगी. पार पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखातली माणसं. तो चाकणला कंपनीत जातो, ती घरी असते. आल्या दिवसापासून बिल्डिंगीत कुजबुज चालू आहे. काय शिजवतात, वास कसला येतो, दार कधी उघडं का नसतं. सोसायटीच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर कुणीतरी काहीतरी लिहिलं म्हणे आणि बाकीच्यांनी खाली हसरी तोंडं टाकली. माझी सून गुणाची आहे, ती असल्या गोष्टीत पडत नाही. ती फक्त एवढंच म्हणते, "आई, त्यांची पद्धत वेगळी असेल. आपण कशाला त्रास द्यायचा?" असलं बोलणं मी लहानपणी अण्णांच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि त्याचं काय झालं तेही पाहिलेलं आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं गाव पवनेच्या काठी, चिंचवड आणि देहूरोडच्या मधे. आता ते गाव बसथांब्याच्या पाटीपुरतं उरलं आहे, पण तेव्हा ते पुरतं गाव होतं. दसऱ्याच्या सुमाराला बाजरी कापणीला आलेली असायची, बांधाबांधाने कारळ्याची पिवळी फुलं. पिंपरीच्या बाजूला औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता. आमच्या गच्चीवरून त्याचे सांगाडे दिसत, आणि अण्णा पाहुण्यांना अभिमानाने ते दाखवत, जणू विटा यांनीच वाहिल्यात. अण्णा शेतकरी, मराठी फायनल झालेले, गावच्या भजनी मंडळाचे प्रमुख. त्यांचा शब्द गावात सहसा खाली पडत नसे.

त्या दिवसांत गावात सरकारी दवाखाना निघाला. दवाखाना म्हणजे दोन खोल्या. एका खोलीत औषधाच्या बाटल्या आणि बाळंतपणाची खाट, दुसरीत नर्सबाईंचं बिऱ्हाड. दोन्हींची दारं आमच्या ओट्याच्या बरोबर समोर उघडत. त्या नर्सबाई म्हणजे रिबकाबाई. उंच, सावळ्या, नऊवारी नाहीतर इस्त्रीचं पांढरं पातळ, गळ्यात काळ्या मण्यांची पोत, हातात हिरव्या बांगड्या. बोलणं आमच्यासारखंच मराठी, फक्त मधेच "काय गो" असा कोकणी हेल. त्यांचे यजमान शालोमराव देहूरोडला लष्करी डेपोत कारकून होते, सायकलीवरून जायचे यायचे. मुलगा मुंबईला आजोळी शिकत होता.

पहिले काही महिने गावाला एकच कोडं पडलं होतं, ही माणसं कोण? देवळात जात नाहीत, म्हणजे हिंदू नव्हेत. पोत घालतात, म्हणजे मुसलमान नव्हेत. येशूचं चित्र भिंतीला नाही. शेवटी आईनेच सरळ विचारलं. रिबकाबाई हसल्या. "आम्ही इस्राईल लोक. ज्यू म्हणतात ना, ते. आमचे वाडवडील कोकण किनाऱ्याला लागले, तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून तिकडे आम्हाला शनिवार तेली म्हणत." आईला तेली कळले, शनिवारही कळला, आणि तिच्यापुरता प्रश्न मिटला. त्या संध्याकाळी तिने वाटीभर दही पाठवलं. गावातही मग फारसं कुणी विचारीना, कारण रिबकाबाईंच्या हाताला गुण होता. त्यांच्या हातात गावातली कितीतरी मुलं पहिल्यांदा रडली. त्यातलाच एक सुंद्राचा पोरगा. सुंद्रा आणि तिचा नवरा धोंडिबा, खालच्या आळीतलं मजुरी करणारं जोडपं. पहिली दोन बाळं पोटातच गेलेली. हा तिसरा जगला तेव्हा सुंद्रा रिबकाबाईंच्या पायावर लोळण घ्यायला निघाली होती, बाईंनी तिला वरच्यावर धरली.

मला त्यांच्या सणांची मोठी गंमत वाटे, कारण ते चंद्रावर चालत, आपल्यासारखेच. आपली घटस्थापना आणि त्यांचं नवं वर्ष मागंपुढं येई. मग खिरीचा एक सण. आणि दसऱ्याच्या अंगालाच, कधी आदल्या दिवशी, कधी त्याच दिवशी, कधी पुढंमागं, त्यांचा सगळ्यात मोठा उपास. रिबकाबाईंची आजी त्याला दरफाळणीचा सण म्हणायची. आम्ही पोरं म्हणायचो दार लावायचा सण. त्या दिवशी पूर्वी कोकणात त्यांच्यातले सगळे आपापल्या घराचं दार लावून घेत, पांढरं नेसत, पाणीसुद्धा तोंडात घालत नसत. "त्या दिवशी माणसांशी बोलायचं नाही, देवाशी बोलायचं. वर्षभराचं सगळं त्याच्यापुढे ठेवायचं," असं त्या आईला सांगत होत्या तेव्हा मी शेंगा फोडत तिथेच बसले होते. दुसऱ्या दिवशी दारं उघडायची, आदल्या दिवशी करून ठेवलेलं शिळंच खायचं आणि शेजारीपाजारी ताटं वाटायची.

शालोमराव त्या दिवशी पुण्याला त्यांच्या प्रार्थनालयात जात. तिथे सगळी जमात गोळा होई. रिबकाबाईही एरवी गेल्या असत्या. पण त्या म्हणत, "मी पुण्याला गेले आणि इकडे कुणी अडलं तर?" म्हणून त्या आजीच्या पद्धतीने गावातच, घरातच, एकट्या दार लावून बसत. गाव अडलं तर हाकेच्या अंतरावर असावं, एवढ्याचसाठी. हे पुढे कुणीच लक्षात ठेवलं नाही. म्हणून मी लिहून ठेवते आहे.

अण्णांना या उपासाचं फार कौतुक. परधर्माचा असला म्हणून काय, व्रत ते व्रत. त्यांनी आमच्या घरात फर्मान काढलं, त्या दिवशी समोरच्या दाराकडे कुणी फिरकायचं नाही, अंगणात गलका करायचा नाही, विटीदांडू तर मुळीच नाही. आम्ही पावलं न वाजवता हिंडायचो. अण्णा स्वतः ओट्यावर बसून राखण करत. रिबकाबाईंनी हे सांगितलं नव्हतं. हे अण्णांनी आपण होऊन अंगावर घेतलेलं.

त्या वर्षी हा उपास खंडेनवमीला आला. अण्णा ओट्यावर नांगराचा फाळ, विळे, कुदळी घासून पूजेला मांडत होते. चिंचेच्या कोळाचा वास मला अजून येतो. हळदीकुंकू लावलेल्या विळ्यावर माशी बसली तरी ते हाकलत. समोरचं दार बंद. दिवस डोक्यावर आला असेल तेव्हा धोंडिबा आला. डोक्याला फडकं, पायात काही नाही. दवाखान्याच्या पायरीशी जाऊन उभा राहिला आणि अण्णांनी त्याला हाक मारली.

"धोंडिबा, आज दार वाजवू नको. बाईंचा मोठा उपास आहे. आज त्या कुणाशी बोलत नाहीत."

धोंडिबा वळला. "पोराला जरा जुलाब हाइत."

"फार आहे का?"

"न्हाई, न्हाई. तसं न्हाई. जरासंच."

"मग उद्या सकाळी ये. नाहीतर असं कर, देहूरोडला डॉक्टर आहे, तिकडे ने."

"व्हय, नेतो की," धोंडिबा म्हणाला, अण्णांना रामराम केला आणि गेला.

मी तिथेच झेंडूच्या माळा ओवत होते. त्या बोलण्यात मला काहीच वावगं वाटलं नाही. आता वाटतं, धोंडिबाचं ते 'जरासंच' गावात कुणीही ओळखायला हवं होतं. मोठ्या माणसाने नको म्हटलं की आपला आजार लहान करून सांगायचा, ही आमच्याकडची रीत. समोरच्याला अवघड वाटू नये म्हणून. त्याच्या पोराला सकाळपासून वांत्या होत होत्या, डोळे खोल गेले होते, हे त्याने सांगितलं नाही. अण्णांनीही पुन्हा विचारलं नाही. दोघांनीही एकमेकांचा मान राखला. देहूरोडला न्यायला त्याला बैलगाडी मिळता मिळता दिवस कलला, आणि वाटेत पोर निपचित पडलं म्हणून परत आणावं लागलं. उजाडायच्या आत ते गेलं.

दसऱ्याच्या सकाळी रिबकाबाईंनी दार उघडलं. उपासाने चेहरा उतरलेला, पण डोळे लख्ख. त्यांना गावातलं काही कळलेलं नव्हतं, कळणार तरी कसं? उपासाच्या आधी करून ठेवलेल्या भोपळ्याच्या घाऱ्या आणि करंज्या ताटांत घालून, वर विणलेले रुमाल टाकून त्या निघाल्या. पहिलं ताट आमच्याकडे. आईने त्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. दुसरं ताट घेऊन त्या खालच्या आळीकडे वळल्या. आम्हीही अजून ऐकलं नव्हतं, नाहीतर आईने त्यांना धरून ठेवलं असतं.

खालच्या आळीतले पुरुष तेव्हा नदीवरून परत येत होते. सुंद्राच्या दारात बायका बसल्या होत्या. आणि त्या घोळक्यासमोर ही बाई उभी, पांढरं पातळ नेसलेली, हातात गोडाचं ताट, "सुंद्रा, बाळ कसं आहे गो?" असं हसून विचारत. पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही. त्या परत आल्या तेव्हा ताट रिकामं होतं आणि पातळावर घाऱ्यांचे तेलकट डाग होते. आमच्या ओट्याशी थांबल्या. अण्णा उठून उभे राहिले. खालच्या आळीत बाईंनी सगळं ऐकलं असणार, कारण त्यांनी काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "अण्णा, एक थाप मारायची होती हो दारावर. जीव वाचवायचा असेल तर आमचा देव उपास मोडायला सांगतो. मी त्याचसाठी इथे राहिले होते." आवाज चढलेला नव्हता. अण्णांच्या हातात आपट्याची डहाळी होती, ती त्यांनी खाली ठेवली.

रिबकाबाईंनी दार उघडलं असतं तर पोर वाचलं असतं का? वाचलं असतं, नसतं, आज कोण सांगणार. पण गावाला त्या प्रश्नाशी कर्तव्यच नव्हतं. गावाने आठ दिवसांत आपली गोष्ट तयार केली. आधी नुसतं एवढंच होतं की बाईने दार उघडलं नाही. मग त्यात आलं, पोर गेलं त्या दिवशी ती गोड वाटत फिरली. आणि मग कुणीतरी नवमी धरली. आमच्याकडे नवमीला देवीपुढे बोकड पडतो, बळीची रीत घराघरात. तेव्हा, दार लावून आत ती काय करत होती? तिच्या देवाला काय लागतं? पाणवठ्यावर एक म्हातारी हंड्याला माती घासता घासता म्हणाली, "नवमीलाच कसं गेलं म्हन्ते मी. तिच्या देवाला पोर लागत आसंल." शेजारची म्हणाली, "गप गं." पण घागर उचलून घरी गेल्यावर तिनेही ते कुणाला तरी सांगितलं.

मी ते घरी येऊन जसंच्या तसं बोलले. आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. त्या दिवसापासून दवाखान्याच्या पायरीवर बाया दिसेनाशा झाल्या. लुगडं सावरत, पोटाशी हात धरून बसलेल्या बायांची ती रांग मला इतकी सवयीची झाली होती की मोकळी पायरी बघवत नसे. रिबकाबाई सकाळी ती पायरी धूत आणि दिवसभर ती कोरडीच राही.

अण्णांना राहवेना. ते पुण्याला गेले, शालोमरावांच्या बरोबर, त्यांच्या प्रार्थनालयाच्या मंडळींना भेटले. एका रविवारी तिथले तीन गृहस्थ चिंचवड स्टेशनावर उतरून टांग्याने गावात आले. पुढारी म्हणजे एक निवृत्त पोस्टमास्तर, डोक्याला काळी टोपी, पांढरी मिशी, मराठी आमच्या मास्तरांपेक्षा स्वच्छ. आमच्या मारुतीच्या देवळापुढच्या पारावर घोंगड्या अंथरल्या. एका बाजूला भजनी मंडळ, एका बाजूला हे तिघे, समोर गाव. बायका लांब, भिंतीच्या सावलीत. तिथे मीही होते.

अण्णा उभे राहिले. एरवी कीर्तनात हजार माणसांपुढे न बिचकणारा माणूस, त्या दिवशी त्यांचा आवाज फाटला. "धोंडिबाला मी माघारी लावला. दार वाजवू नको, असं मी म्हणालो. बाईंना ठाऊकसुद्धा नव्हतं. दोष असेल तर माझा आहे, त्यांचा नाही."

मग कोंडिबा आबा, गावातले सगळ्यांत जुने पंच, काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "अण्णा, तुमी देवमानूस. दुसऱ्याचं आपल्या अंगावर घ्यायची तुमची सवय साऱ्या गावाला ठावी हाय."

"आबा, मी खरं सांगतोय."

"व्हय, व्हय. तुमी खोटं कशाला बोलशीला," आबा म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. अण्णांनी धोंडिबाकडे पाहिलं. धोंडिबा खाली मान घालून म्हणाला, "दार बंद व्हतं, येवढं खरं." तेही खरंच होतं. अण्णा मटकन खाली बसले. ते जितकं खरं बोलले तितके गावाच्या डोळ्यांत मोठे झाले, आणि बाई होती तिथेच राहिली.

मग पोस्टमास्तर बोलले. उपास म्हणजे काय, दार का लावतात, आत काय करतात, सगळं सांगितलं. "रक्त तर आम्हाला खायलासुद्धा वर्ज्य आहे," ते म्हणाले, "मांस मिठात घालून ठेवतो आम्ही, रक्ताचा थेंब उरू नये म्हणून." शेवटी म्हणाले, "हे पोर घेतल्याचं बोलणं मी आधी ऐकलंय. दूरच्या देशांत आमच्या लोकांवर हा आळ घेत आले आहेत, त्यापायी वस्त्याच्या वस्त्या जाळल्या आहेत. पण कोकणात आमच्या बापजाद्यांनी तो कधी ऐकला नाही. आम्ही पोरांना सांगतो, या मातीत ते बी नाही." त्यांनी टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली. तेव्हा मला तो म्हातारा नुसता दमलेला वाटला. आता कळतं तो का दमला होता. गावाला हे कुणी शिकवलं नव्हतं, बाहेरून कुणी आणलं नव्हतं. एक बंद दार आणि एक मेलेलं मूल, एवढ्यावर आमच्या लोकांनी ते घरच्या घरी पिकवलं होतं. मला पुढच्या आयुष्यात पुष्कळ वाईट गोष्टी कळल्या, पण याच्याइतकी कुठली लागली नाही.

तरी मंडळींनी हातपाय गाळले नाहीत. भजनी मंडळ काकड्याला निघे तसं निघालं, टाळ वाजवत, घरोघर, आणि बरोबर ते तिघे गृहस्थ. प्रत्येक अंगणात थांबायचं, एक अभंग म्हणायचा, मग पोस्टमास्तरांनी दोन शब्द सांगायचे, मग अण्णांनी. हिंदूंच्या टाळांमागे काळ्या टोप्या चालल्यात, हे दृश्य आमच्या गावाने त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. घरोघर त्यांचं चांगलं झालं. पाट मांडले, गूळपाणी दिलं, पोस्टमास्तरांच्या पाया पडले. "आमचं काय बी म्हननं न्हाई, बाई गुनाची हाय," असं सगळे म्हणाले. सुंद्राच्या घरीसुद्धा त्यांना चहा मिळाला. त्यामुळे तिघे टांग्यात बसले तेव्हा समाधानात होते. आमचं गाव तोंडावर नाही म्हणत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

पायरी कोरडीच राहिली. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. अडलेल्या बाया जुन्या सुइणीकडे जायला लागल्या, त्यातली एक बाळासकट गेली, आणि त्याचाही बोल दवाखान्यालाच लागला. पुण्याहून साहेब तपासणीला आले. रिकामी खाट पाहिली आणि म्हणाले, दिवाळीपर्यंत बायका यायला लागल्या नाहीत तर इथलं केंद्र दुसरीकडे हलवावं लागेल. रिबकाबाईंनी आईला सांगितलं तेव्हा त्या चुलीशी बसून हात शेकत होत्या. "मला बदलीचं काही नाही गो. पण असं नाव घेऊन जायचं?" सुंद्राला पुन्हा दिवस गेले होते. पाणी भरताना ती दवाखान्याकडे बघायची. "ती एकदा आली ना," रिबकाबाई म्हणाल्या, "नुसती पायरीवर येऊन बसली, तरी मला बास झालं."

पुढच्या वर्षी तो उपास नेमका दसऱ्याच्याच दिवशी आला. शालोमराव पुण्याला गेले. आणि सकाळी आम्ही बघतो तर समोरचं दार सताड उघडं.

रिबकाबाई पांढरं पातळ नेसून उंबऱ्याच्या आत, रस्त्यावरून दिसेल अशा बसल्या होत्या. मांडीवर पोथी. मागे खोलीतली भांडी, खुंटीवरचा कोट, कोपऱ्यातली कंदिलाची काच, सगळं गावाला दिसत होतं. आजीपासून चालत आलेली रीत त्यांनी मोडली होती, म्हणजे कुणाला म्हणायला जागा राहू नये. पाणी नाही, अन्न नाही. ऊन उंबऱ्यावरून आत सरकलं, त्यांच्या पायावर आलं, त्या हलल्या नाहीत.

दुपारी सीमोल्लंघनाला मंडळी गेली, संध्याकाळी सोनं लुटून परत आली. त्या रस्त्यावरून त्या दिवशी सारं गाव गेलं. नव्या टोप्या, नवी लुगडी, मुठीत आपट्याची पानं. जो तो ज्याच्या त्याच्या घरी चढत होता, वाकत होता, "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा" म्हणत होता. समोरच्या उघड्या दारापाशी आले की लोक बोलता बोलता गप्प होत आणि पुढे गेले की पुन्हा बोलायला लागत. सुंद्राही आली, सासूबरोबर, सातव्या महिन्याचं पोट. दवाखान्याशी तिची चाल मंदावली. सासूने तिचा दंड धरला आणि दोघी गेल्या.

आईने पानं हातात घेतली. "मी जाऊन येते समोर."

"नको," अण्णा म्हणाले. "त्यांचा उपास आहे. दिवस मावळेपर्यंत कुणाला भेटत नाहीत त्या. त्यांचं सोवळं आपण मोडायचं नाही."

"अहो, दार उघडं ठेवलंय त्यांनी."

"ते गावासाठी. आपल्याला रीत ठाऊक आहे. आपण तरी ती पाळावी."

आई पानं घेऊन उभीच राहिली. अण्णा ओट्यावर बसले, गेल्या वर्षी बसले होते तिथेच, पानं मुठीत धरून, सूर्य बुडायची वाट बघत. माणूस वाईट नव्हता हो. त्या बाईसाठी त्याने वर्षभर चपला झिजवल्या होत्या. पण दुसऱ्याचा मान राखायचा म्हणजे लांब उभं राहायचं, एवढंच त्याला येत होतं. इतकं होऊनही त्यात फरक पडला नव्हता.

अंधारून आलं. रिबकाबाई उंबऱ्याशी आल्या, मान वर करून त्यांनी आभाळात पहिली चांदणी शोधली. मग पोथी मिटली. अण्णा लगबगीने रस्ता ओलांडून गेले, मागे आई, मागे मी. त्यांनी पानं पुढे केली.

रिबकाबाईंनी ती घेतली. ओठ सुकून पांढरे पडले होते. "सकाळपासून वाट बघितली, अण्णा," त्या म्हणाल्या. "गाव येईल असं मला वाटलंच नव्हतं. तुम्ही याल असं वाटलं होतं."

अण्णांचे हात तसेच पुढे राहिले होते, रिकामे.

दिवाळीनंतर खाट आणि बाटल्या बैलगाडीवर चढल्या. रिबकाबाई मुंबईला गेल्या, तिथून पुढे काही वर्षांनी जहाजाने त्यांच्या लोकांच्या नव्या देशात गेल्याचं शालोमरावांच्या डेपोतल्या कुणीतरी सांगितलं. सुंद्राला मुलगा झाला की मुलगी, मला आठवत नाही. अण्णा त्यानंतर कधी दसऱ्याला ओट्यावर बसले नाहीत. पानं वाटायला आईला पाठवायचे आणि आपण मागच्या दारी बैलांपाशी जाऊन उभे राहायचे.

आज दसरा. सून स्वयंपाकघरात श्रीखंड फेटते आहे. मी कांचनाची ती पानं घेतली, कुठल्याही झाडाची असोत, आणि चपला न घालताच बाहेर आले. समोरच्या दाराआड टीव्ही चालू होता, लहान मुलगी कशाला तरी हसत होती. दाराला बेल आहे. मी थाप मारली.

आतला टीव्ही बंद झाला. मुलीचं हसणं मधेच कुणीतरी दाबल्यासारखं थांबलं. अनवाणी पावलं दारापर्यंत आली आणि तिथेच राहिली. माझ्या आणि त्या बाईच्या मधे एक लाकडी फळी, पलीकडे ती श्वास धरून उभी. दारावर थाप पडली की काय येतं, याची तिला काय सवय झाली असेल कोण जाणे.

"आई, राहू दे ना," मागून सून हलक्या आवाजात म्हणाली. "त्यांना नको असेल."

मी पुन्हा थाप मारली. "समोरची आजी आहे गं," मी म्हणाले, मला येते त्या एकाच भाषेत. "सोनं आणलंय."

कडी वाजली नाही. गुडघे दुखत होते. मी तिथेच उभी राहिले.